एडिस्टनचा दिवा



कुलाब्याची दांडी ज्यांनीं पाहिली आहे, किंवा निदान जिच्याविषयीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलें आहे, त्यांना दीपगृह म्हणजे काय हें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. मात्र आज ज्या दीपगृहाची हकीकत मी आपणांस सांगणार आहें, तें आपल्या किनाऱ्यावरील नव्हे. तें इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, प्लिमथ बंदरापासून सुमारें चौदा मैलांवर, भर समुद्रांत एडिस्टन नांवाच्या खडकावर आहे. वास्तविक त्या खडकावर आजवर एकामागून एक अशीं चार दीपगृहें उभीं राहिलीं. पहिलें समुद्रानें नेलें, दुसरें अग्नीनें भस्म केलें, तिसरें माणसांनीं आपल्या हातांनीं उतरवून गांवांत आणून ठेविलें, आणि चौथें आजही आपलें काम करीत आहे.

मी पस्तीस वर्षें मास्तरकी केली. भूगोलाच्या तासाला समुद्रकिनाऱ्यांचा धडा आला, कीं एडिस्टनची गोष्ट सांगावयाची हा माझा नेम होता. ती सांगतांना मी तिला एक ठराविक वळण देत असें. पहिलें दीपगृह बांधणारा गृहस्थ गर्विष्ठ होता म्हणून समुद्रानें त्याचें गर्वहरण केलें. दुसऱ्यानें लांकूड वापरलें म्हणून त्याचें काम जळालें. तिसरा शहाणा होता म्हणून त्याचें टिकलें. असा तीन पायऱ्यांचा धडा मुलांच्या लक्षांत चांगला राहतो, आणि तपासणीला आलेले साहेबही खूष होतात. एके वर्षीं मागच्या बांकावरच्या एका मुलानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, पहिला दिवा होता तेवढ्या वर्षांत त्या खडकावर जहाजें किती फुटलीं?" मला उत्तर ठाऊक नव्हतें. "पाहून सांगतों," असें म्हणून मीं त्याला खालीं बसविलें; आणि पुष्कळ मास्तरांचें होतें तसेंच माझेंही झालें. पाहावयाचें राहिलें तें राहिलेंच. सेवानिवृत्त झाल्यावर सवड मिळाली तेव्हां ही हकीकत मीं पुन्हा नीट वाचून काढिली, आणि पुढें मुलाकडे इंग्लंडांत जाण्याचा योग आला तेव्हां प्लिमथला जाऊन जें पाहण्यासारखें होतें तें पाहिलें. त्या प्रश्नाचें उत्तर ओघानें येईल.

एडिस्टन हा एकच खडक नसून ती खडकांची एक रांग आहे. भरतीच्या वेळीं तींतील बहुतेक भाग पाण्याखालीं जातो व थोडींशीं टोकें तेवढीं वर दिसतात. भोंवतीं पाणी सदा घुसळत असतें. नांवाचा अर्थच मुळीं भोंवऱ्याचा दगड असा करतात. अटलांटिक महासागरांतून इंग्लिश खाडींत शिरणाऱ्या जहाजांच्या वाटेवर, आणि प्लिमथसारख्या मोठ्या बंदराच्या ऐन तोंडाशीं हा सांपळा मांडलेला. त्याचा धसका एवढा मोठा होता कीं, कित्येक कप्तान तो टाळण्यासाठीं आपलें जहाज दक्षिणेकडे फार दूर नेत, आणि मग फ्रान्सच्या किंवा चॅनेल बेटांच्या खडकांवर जाऊन आदळत. आगींतून निघून फुफाट्यांत पडणें म्हणतात तें हेंच.

अशा जागीं दिवा लावण्याचें मनावर घेणारा पहिला पुरुष हेन्री विन्स्टॅन्ली. हा धंद्यानें चित्रें कोरणारा, आणि स्वभावानें मोठा कल्पक व विनोदी. एसेक्स परगण्यांतील लिटलबरी या गांवीं त्याचें घर होतें. त्या घरांत त्यानें नाना प्रकारच्या युक्त्या करून ठेविल्या होत्या, आणि लोक पैसे देऊन तें पाहावयास येत. लंडनमध्येंही त्यानें पाण्याच्या कारंज्यांचा व यंत्रांचा एक तमाशा चालविला होता. या धंद्यांत मिळालेला पैसा त्यानें जहाजांत गुंतविला. त्यांपैकीं दोन जहाजें एडिस्टनवर फुटलीं. दुसरा एखादा व्यापारी कपाळाला हात लावून बसला असता. विन्स्टॅन्ली मात्र दीपगृह बांधण्याच्या तयारीला लागला.

१६९६ सालीं काम सुरू झालें. पहिल्या उन्हाळ्यांत खडकाला बारा भोंकें पाडून त्यांत जाड लोखंडी गज बसविणें यापलीकडे कांहीं झालें नाहीं. होडी खडकाला लागणेंच कठीण. लागली तरी ओहोटीचे दोन-चार तास काम, आणि वारा फिरला कीं तोंड फिरवून परत. पुढच्या वर्षीं, १६९७ त, एक निराळेंच संकट आलें. त्या वेळीं इंग्लंड व फ्रान्स यांचें युद्ध चालू होतें. एका फ्रेंच लुटारू जहाजानें विन्स्टॅन्लीला खडकावरून उचलून फ्रान्सला नेलें. तेव्हां राजा चौदावा लुई यानें, आपलें वैर इंग्लंडशीं आहे, मनुष्यजातीशीं नाहीं, असें म्हणून त्याची सुटका केली अशी आख्यायिका आहे. राजाचे शब्द काय होते तें असो. विन्स्टॅन्ली सुटून परत आला आणि पुन्हा कामाला लागला, हें निश्चित.

ता. १४ नोव्हेंबर १६९८ च्या रात्रीं त्या खडकावर प्रथमच मेणबत्त्यांचा उजेड पडला. पहिल्या हिंवाळ्यांतच असें दिसून आलें कीं, मोठ्या लाटांचें पाणी दिव्याच्या खोलीच्याही वर उडतें. तेव्हां दुसऱ्या वर्षीं त्यानें मनोरा रुंद केला, आणि सुमारें ऐशीं फुटांची उंची एकशेंवीस फुटांपर्यंत नेली. याच सुधारलेल्या मनोऱ्याचीं चित्रें आज पाहावयास मिळतात, आणि तीं पाहून हंसूं येतें हेंही खरें. सज्जे काय, निशाणें काय, नक्षी काय! भर समुद्रांत उभ्या केलेल्या हवेलीसारखा त्याचा थाट होता. वरच्या उघड्या सज्जांतून लाटेबरोबर सहा वल्ह्यांची होडी आरपार जाईल, असें लोक चेष्टेनें म्हणत. विन्स्टॅन्लीचा मात्र आपल्या कामावर भरंवसा होता. आकाशाखालीं होईल तेवढें मोठें वादळ व्हावें आणि त्या वेळीं आपण मनोऱ्यांत असावें, अशी इच्छा तो बोलून दाखवी. याच उद्गारावर माझा तो गर्वाचा धडा उभा होता.

१७०३ च्या नोव्हेंबरांत तो दुरुस्तीसाठीं मनोऱ्यावर गेला, आणि २६ तारखेच्या रात्रीं, इंग्लंडच्या इतिहासांत महावादळ म्हणूनच जें ओळखलें जातें तें वादळ झालें. घरांचीं छपरें उडालीं, जुने वृक्ष उन्मळून पडले, नांगरून ठेविलेलीं लढाऊ जहाजें माणसांसकट बुडालीं. रॉबिन्सन क्रूसोचा कर्ता डॅनिएल डीफो यानें या वादळाच्या हकीकती जमवून १७०४ सालीं एक स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केलें. सकाळीं किनाऱ्यावरील लोकांनीं पाहिलें तों खडकावर कांहीं नव्हतें. मनोरा नव्हता, विन्स्टॅन्ली नव्हता, त्याच्याबरोबरचीं माणसें नव्हतीं. राहिले होते ते खडकांत रुतलेले थोडे वांकडे गज.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर. मनोरा उभा होता त्या पांच वर्षांत एडिस्टनवर एकही जहाज फुटल्याची नोंद नाहीं. आणि मनोरा गेल्यावर? अवघ्या दोन दिवसांनीं, व्हर्जिनियाहून तंबाखू घेऊन येणारें 'विंचेल्सी' नांवाचें जहाज अंधारांत त्याच खडकावर आदळलें, आणि त्यावरील बहुतेक सर्व माणसें बुडालीं. हें मीं वाचलें, तेव्हां पुस्तक मिटून मी बराच वेळ स्वस्थ बसलों. पस्तीस वर्षें ज्याला मीं वर्गांत उभें करून हंसविलें, त्यानें पांच वर्षांत किती घरांतील कर्ते पुरुष सुखरूप घरीं पोंचविले होते! मनोरा चुकीचा बांधला होता हें खरें. परंतु भर समुद्रांतील खडकावर मनोरा उभा राहूं शकतो, हेंच त्याच्यापूर्वीं कोणाला ठाऊक नव्हतें. तो मुलगा आतां कोठें असेल तो असो. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर उशिरां कां होईना, त्याचें उत्तर त्याला पोंचेल.

दुसरें दीपगृह बांधणारा जॉन रडयर्ड हा लंडनचा एक रेशमाचा व्यापारी. लव्हेट नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानें त्या खडकाचा नव्व्याण्णव वर्षांचा पट्टा घेतला होता, व त्यानें हें काम रडयर्डकडे सोंपविलें. रेशीम विकणाऱ्या मनुष्याचा या विषयाशीं काय संबंध असें कोणीही विचारील. परंतु या गृहस्थाला एक गोष्ट बरोबर समजली होती. ती अशी कीं, लाटेला जेथें अडावयास कोपरा मिळतो तेथेंच ती घर फोडते. म्हणून त्यानें सज्जे, नक्षी, कोपरे सर्व टाकून दिले व जहाजें बांधणाऱ्या सुतारांच्या मदतीनें वर निमुळता होत जाणारा साधा, गोल, सुमारें ब्याण्णव फूट उंचीचा लांकडी मनोरा बांधिला. आंत वजन यावें म्हणून दगडाचे थर भरले. १७०८ त दिवा लागला, पुढच्या वर्षीं काम पुरें झालें, आणि हा मनोरा शेंचाळीस वर्षांहून अधिक टिकला. माझ्या धड्यांत रडयर्डला मीं दोन ओळींत उडवीत असें. वस्तुतः वादळानें त्याचें कांहीं वांकडें केलें नाहीं.

या मनोऱ्यावर प्रथम दोनच रखवालदार असत. एकदां त्यांपैकीं एक मरण पावला. समुद्र खवळलेला असल्यामुळें किनाऱ्यावरून होडी येणें शक्य नव्हतें. प्रेत समुद्रांत सोडावें, तर आपणच खून केला असें लोक म्हणतील या भीतीनें दुसऱ्यानें तें तसेंच ठेविलें, आणि होडी येईपर्यंत कित्येक दिवस त्या प्रेताच्या सोबतीनें दिवा पेटविण्याचें काम चालविलें. होडी आली तेव्हां दुर्गंधीनें आंत पाऊल टाकवेना. तेव्हांपासून तेथें तीन रखवालदार ठेवण्याचा नियम झाला. नियमांचीं पुस्तकें आपण कंटाळून वाचतों. परंतु एखाद्या कलमामागें अशी एक रात्र दडलेली असते.

१७५५ च्या डिसेंबरच्या दुसऱ्या तारखेस, उत्तररात्रीं, दिव्याच्या खोलीच्या छताला आग लागली. पाळीवर हेन्री हॉल नांवाचा रखवालदार होता. त्याचें वय चौऱ्याण्णव वर्षांचें होतें असें नमूद आहे. त्या वयांत तो म्हातारा एकटा बादलीनें पाणी वर फेंकीत राहिला, आणि छताचें शिसें वितळून त्याच्या अंगावर ओघळूं लागलें. आग वरून खालीं एकेक मजला घेत आली, व तिघांनाही खालीं उतरून खडकाच्या एका खबदाडींत आश्रय घ्यावा लागला. किनाऱ्यावरून होड्या आल्या, परंतु खडकाला लागतां येईना. शेवटीं दोर टाकून तिघांना पाण्यांतून ओढून घेतलें. हॉल डॉक्टरला सांगूं लागला, "माझ्या पोटांत वितळलेलें शिसें गेलें आहे." म्हाताऱ्याला भ्रम झाला असें सर्वांना वाटलें. बाराव्या दिवशीं तो वारला. डॉक्टर स्प्राय यांनीं शवाची चिकित्सा केली, तेव्हां पोटांत सात औंसांहून अधिक, म्हणजे आपल्या अठरा-वीस तोळ्यांचा, शिशाचा गोळा सांपडला. डॉक्टरांनीं ही हकीकत रॉयल सोसायटीला कळविली, तर तेथील विद्वानांचा विश्वास बसेना. आपली अब्रू राखण्यासाठीं बिचाऱ्या डॉक्टरांना कुत्र्यांवर व कोंबड्यांवर वितळलेल्या शिशाचे प्रयोग करून दाखवावे लागले. तो गोळा आज एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे.

आतां तिसरा मनोरा; आणि येथें मात्र मला थोडें थांबलें पाहिजे. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांनीं या कामासाठीं जॉन स्मीटन याचें नांव सुचविलें. स्मीटन हा १७२४ सालीं लीड्सजवळ जन्मलेला वकिलाचा मुलगा. वकिली सोडून तो मोजमापाचीं यंत्रें तयार करण्याच्या धंद्यांत पडला होता. दीपगृह त्यानें यापूर्वीं कधीं बांधलें नव्हतें. परंतु त्यानें आधीं जे दोन मनोरे नाहींसे झाले त्यांचा कसून अभ्यास केला, आणि रडयर्डच्या गोल आकाराची त्यानें मोकळ्या मनानें तारीफ केली आहे. लांकूड नको, सर्व दगडच हवा, असें त्यानें ठरविलें. आकारासाठीं आपण ओक वृक्षाचा बुंधा डोळ्यांपुढें ठेविला असें तो स्वतः लिहितो : तळाशीं रुंद, वर गोलाईनें आंत जाणारा, मुळांनीं जमिनीला धरून राहिलेला. आपल्याकडील एखाद्या जुन्या चिंचेचा बुंधा आठवा, म्हणजे हें ध्यानांत येईल.

परंतु खरी युक्ति आकारापेक्षां जोडांत होती. पेटीच्या कोपऱ्याला सुतार एका फळीचे दांते दुसरीच्या खांचांत बसवितो, आणि मग ती फळी ओढून निघत नाहीं. स्मीटननें नेमकें हेंच दगडांत केलें. प्रत्येक दगड असा घडविला कीं, तो शेजारच्या दगडांत अडकावा. आणि सर्वांत खालच्या थरांचे दगड प्रत्यक्ष खडकांत कोरलेल्या खांचांत अडकावे. दोन थर एकमेकांवरून सरकूं नयेत म्हणून मध्यें संगमरवराचे ठोकळे, आणि दगड हलूं नये म्हणून ओकच्या खुंट्या व पाचरी. बाहेरून ग्रॅनाइट, आंतून पोर्टलंडचा दगड. असे १४९३ दगड किनाऱ्यावर घडवून, प्रत्येक थर तेथेंच जमवून पाहून, मग होड्यांतून खडकावर नेले. वजन प्रत्येकीं टन-दोन टन. पहिला दगड १२ जून १७५७ रोजीं बसला.

चुन्याचें प्रकरण याहूनही मनोरंजक आहे. साधा चुना पाण्यांत घट्ट होत नाहीं. आणि येथें तर दगड बसवून हात काढण्यापूर्वींच लाट येणार. स्मीटननें ठिकठिकाणचे चुनखडीचे दगड आणून भाजले, त्या चुन्याचे गोळे करून पाण्यांत टाकले, आणि कोणते विरघळतात व कोणते घट्ट होतात हें धीरानें पाहिलें. जो दगड तेजाबांत विरघळवल्यावर मागें चिकणमाती राहते, त्याचाच चुना पाण्यांत धरतो, असें त्याला आढळून आलें. त्यापूर्वीं सर्व गवंड्यांची समजूत याच्या नेमकी उलट होती. दगड जितका कठीण व शुद्ध तितका चुना चांगला, असें ते मानीत. शेवटीं वेल्सच्या अ‍ॅबरथॉ येथील चुना आणि इटलींतील ज्वालामुखीची माती समभाग घेऊन त्यानें आपला गारा तयार केला. आपल्याकडेही जुने कारागीर चुन्यांत विटांची सुरखी मिसळीत, तिच्या मागें हेंच तत्त्व आहे. भाजलेली माती चुन्याला पाण्यांत धरण्याची शक्ति देते. आज घरोघर ज्या सिमेंटचीं पोतीं येतात, त्या सिमेंटच्या वंशावळींत स्मीटनच्या या गोळ्यांना मानाचें स्थान आहे.

कामगारांची व्यवस्थाही पाहण्यासारखी होती. दोन टोळ्या करून त्या आळीपाळीनें खडकावर पाठवीत. त्या काळीं इंग्लंडच्या आरमारांत माणसें कमी पडलीं, कीं बंदरांत दिसेल त्या धडधाकट मनुष्याला पकडून लढाऊ जहाजावर नेत. अशी धरपकड आपल्या माणसांची होऊं नये म्हणून ट्रिनिटी हाउस या दीपगृहांच्या संस्थेकडून त्यांना एकेक चांदीचें पदक मिळालें. तें दाखविलें कीं सुटका. दीपगृहाच्या कामावर असणें हें एक प्रकारचें अभयदान झालें.

१६ ऑक्टोबर १७५९ रोजीं दिवा लागला. दिवा म्हणजे चोवीस मेणबत्त्यांचें झुंबर. मेणबत्त्यांची काजळी झटकली नाहीं तर उजेड मंदावतो, म्हणून दर अर्ध्या तासानें ठोका देणारें एक घड्याळ स्मीटननें ठेवविलें होतें. रात्रभर, अर्ध्या-अर्ध्या तासानें, ठोका पडला कीं उठावयाचें आणि चोवीस वाती झटकावयाच्या. १८१० सालीं तेलाचे दिवे व परावर्तक आले तेव्हां कोठें ही शिक्षा संपली. वादळानंतर स्मीटन दुर्बीण घेऊन प्लिमथच्या टेकडीवर जाई आणि समुद्रांत आपला मनोरा दिसतो कीं नाहीं हें पाही, असें सांगतात. तो नेहमीं दिसला.

पुढील शंभर वर्षें समुद्रांत दगडी दीपगृह बांधावयाचें म्हणजे स्मीटनचा ग्रंथ उघडावयाचा असा परिपाठ पडला. स्कॉटलंडच्या बेल रॉकवर १८११ मध्यें दिवा लावणारा रॉबर्ट स्टीव्हन्सन, म्हणजे 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचा आजोबा, यानेंही हेंच गिरविलें. आपल्या मुंबईबाहेर, कुलाब्याच्या दक्षिणेस पाण्यांतील खडकावर १८७५ सालीं उभें राहिलेलें प्रॉंग्ज दीपगृह याच कुळांतील आहे.

मग हा मनोरा उतरविला कां? यांत एक मौज आहे. मनोऱ्याला कांहीं झालें नव्हतें. त्याच्या खालचा खडकच लाटांनीं पोखरला होता, आणि मोठी लाट आदळली कीं सगळा मनोरा हादरे. तेव्हां ट्रिनिटी हाउसनें शेजारच्या खडकावर नवें दीपगृह बांधण्याचें ठरविलें, आणि तें काम जेम्स डग्लस या इंजिनियरकडे दिलें. १८७९ त पाया घातला, १८८२ च्या मे महिन्यांत दिवा लागला, आणि डग्लसला 'सर' ही पदवी मिळाली. सुमारें १६० फूट उंचीचा हा चौथा मनोरा आज उभा आहे. जुना मनोरा मोडून टाकावयाचा होता. परंतु प्लिमथच्या नागरिकांना तें बघवेना. त्यांनीं वर्गणी जमविली, मनोऱ्याचे दगड एकेक करून उतरविले, चौदा मैल समुद्रांतून आणले, आणि गांवांतील 'हो' नांवाच्या टेकडीवर नव्या ग्रॅनाइटच्या पायावर जसेच्या तसे रचले. १८८४ सालीं तो लोकांस खुला झाला. खालचा भरीव बुंधा मात्र तसाच खडकावर राहिला, आणि तो अद्याप तेथेंच आहे.

मीं पाहिला तो हा मनोरा. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, ७२ फूट उंच, हिरव्या गवतावर उभा. समुद्रांत असतां त्याच्याजवळ जावयास जीव मुठींत धरावा लागे. आतां तिकीट काढून जावयाचें. आंत ९३ पायऱ्या आहेत. पण पायऱ्या म्हणजे आपल्या माळ्याच्या शिडीसारख्या उभ्या, आणि त्या छतांतील भोंकांतून वर जातात. माझ्या गुडघ्यांनीं वाटेंत दोनदां हरताळ केला. एकावर एक खोल्या : सामानाच्या, मग स्वयंपाकाची, मग निजावयाची. भिंती गोल, म्हणून कपाटें गोल, बिछाने गोल. निजतांना रखवालदार चंद्रकोरीसारखे वांकत असतील, असें मनांत येऊन मला हंसूं आलें. आणि याच खोलींत लाट आदळल्यावर त्यांना काय वाटत असेल हें मनांत आलें, तेव्हां तें हंसूं ओसरलें. सर्वांत वर दिव्याची खोली. दिव्याच्या दारावर १७५९ सालीं स्मीटननें 'ईश्वराची स्तुति असो' अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द कोरविले होते.

'हो' ही टेकडीच मुळीं पाहण्यासारखी आहे. स्पॅनिश आरमार येत असल्याची बातमी १५८८ सालीं आली, तेव्हां ड्रेक येथेंच चेंडूंचा खेळ खेळत होता व डाव पुरा केल्याशिवाय हलला नाहीं, अशी दंतकथा आहे. त्याचा पुतळा तेथें आहे. मी मात्र असल्या दंतकथांविषयीं आतां जरा सावध झालों आहें. शेजारीं सतराव्या शतकांतील किल्ला, खालीं समुद्रालगत १९३५ सालीं बांधलेला अर्धवर्तुळाकार पोहण्याचा तलाव, समोर ड्रेकचें बेट, आणि त्यापलीकडे १८१२ त सुरू केलेला, जवळजवळ मैलभर लांबीचा दगडी बांध. १६२० सालीं मेफ्लॉवर जहाज अमेरिकेकडे निघालें तें बंदरही दहा-पंधरा मिनिटांच्या वाटेवर आहे. १९४१ च्या मार्च-एप्रिलांत जर्मन विमानांनीं प्लिमथचा मध्यभाग बेचिराख केला. त्यांतून हा मनोरा वांचला. नाणीं जमविण्याचा ज्यांना छंद आहे त्यांनीं आपली पेटी उघडून जुनी इंग्रजी पेनी पाहावी. १८६० ते १८९४ पर्यंतच्या, आणि पुन्हा १९३७ ते १९७० पर्यंतच्या पेनीवर ब्रिटानिया देवतेच्या मागें जें लहानसें दीपगृह दिसतें, तें एडिस्टनचें असें मानतात.

वरच्या सज्जांत वारा फार होता. दक्षिणेकडे बांधापलीकडे क्षितिजावर एक करड्या रंगाची काडी दिसत होती. "तोच डग्लसचा मनोरा," असें मुलानें दाखविलें. दुर्बिणींतून पाहिलें, तेव्हां त्या काडीशेजारीं एक आंखूड ठोंब दिसला. ज्या मनोऱ्यावर मी उभा होतों त्याचाच तो बुंधा. डोकें गांवांत, पाय चौदा मैल समुद्रांत, अशी इमारत मीं दुसरी पाहिली नाहीं.

त्या चौथ्या मनोऱ्यावर आतां कोणी राहत नाहीं. १९८० सालीं त्याच्या माथ्यावर हेलिकॉप्टर उतरण्याचा चौथरा बसविला, आणि १९८२ पासून, दिवा लागल्याला बरोबर शंभर वर्षें झालीं तेव्हां, तें दीपगृह आपोआप चालूं लागलें. शेवटचे रखवालदार खडकावरून उतरले. घड्याळाचा ठोका नाहीं, वाती झटकणें नाहीं, प्रेताची सोबत नाहीं. हें चांगलें झालें, यांत मला शंका वाटत नाहीं.

उन्हाळ्यांत तिकडे रात्रीं साडेनऊपर्यंत उजेड असतो. आम्ही टेकडीवरच्या बांकावर बसून राहिलों. मुलगा म्हणाला, "बाबा, थंडी वाजते, चला." मी म्हटलें, "थोडें थांब." काळोख पडल्यावर दूर, पाण्याच्या कडेला, एक पांढरा ठिपका लागोपाठ दोनदां चमकला आणि विझला. मुलानें मनगटावरील घड्याळ पाहून मोजलें : दर दहा सेकंदांनीं दोन वेळां. तो मोजीत होता, आणि एक जहाज, नुसते दिवे दिसत होते त्याचे, त्या ठिपक्याला डावीकडे टाकून बंदराकडे येत होतें.